वास्तुकलेचा विद्यार्थी आणि गावचे देऊळ

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे स्मरणिकेत वर्गणीदारांची यादी येते, श्रमदान करणाऱ्या वाड्यांची नावे येतात, गवंडी, सुतार आणि पाथरवट यांचा सत्कार होतो. ज्याने कागदावर पहिली रेघ ओढली त्याचा उल्लेख मात्र बहुधा राहून जातो. पुष्कळदा उल्लेख करावयाचा तरी कोणाचा, हाच प्रश्न असतो. कारण नकाशा म्हणून कोणी काढलेलाच नसतो. शेजारच्या गावचे देऊळ पाहून यावयाचे, त्याहून सभामंडप दोन हात लांब धरावयाचा आणि कळस थोडा उंच न्यावयाचा, ही आपल्या मुलखातली रीत. आजच्या व्याख्यानाचा विषय ती पहिली रेघ ओढावयास शिकणारा विद्यार्थी हा आहे.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील घरांना मुंबई काही नवी नाही. गिरणीत, गोदीत, पोलिसांत आणि बेस्टमध्ये येथील पिढ्या गेल्या. त्यांच्या नातवंडांतील एखादा मुलगा वा मुलगी आज आर्किटेक्चरच्या कॉलेजात असते. घरी विचारावे, "पोर काय शिकते?" तर उत्तर येते, "इंजिनिअरिंगसारखेच काहीतरी." दुसरे कोणी म्हणते, "वास्तुशास्त्र," आणि मग लागलीच ईशान्य आणि नैर्ऋत्य या दिशांवर बोलणे सुरू होते. यांतले पहिले उत्तर अर्धेच खरे आणि दुसरे बहुतेक चुकीचे. खांब किती जाड हवा आणि त्यात सळ्या किती, हे अभियंता सांगतो. तो खांब मुळात तेथे असावा की नसावा, आणि असला तर त्याला टेकून कोण बसणार, हे वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने ठरवावयाचे असते.

हा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. १९७२ च्या कायद्याने या व्यवसायाची नोंदणी सुरू झाली आणि 'आर्किटेक्ट' ही पदवी नावापुढे लावण्यास शिक्षणाची अट आली. या पाच वर्षांत पुस्तकी विषय पुष्कळ असतात, पण विद्यार्थ्याचा खरा दिवस ज्या खोलीत जातो तिला स्टुडिओ म्हणतात. तेथे फळ्यासमोर बसून टिपणे घेणे नाही. उतरती टेबले, मोठे कागद, पुठ्ठ्याचे तुकडे, डिंक आणि रात्रीचे जागरण. शिक्षक एक प्रश्न देतात आणि त्याचे उत्तर नकाशांतून व पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीतून द्यावयाचे असते. अखेरीस बाहेरचे जाणकार येऊन सर्वांदेखत त्या कामाची चिरफाड करतात. त्याला 'ज्यूरी' म्हणतात. कित्येक मुले त्या दिवशी रडतात, असे ऐकिवात आहे. पण घर पडल्यावर रडण्यापेक्षा ते बरे.

पहिल्या वर्षाचे प्रश्न ऐकले तर हसू येईल. माणूस उकिडवा बसला तर किती जागा व्यापतो? डोक्यावर हंडा घेतलेली बाई दारातून जाताना दार किती उंच लागते? दोन माणसे पूजेचे ताट घेऊन समोरासमोर आली तर वाट किती रुंद हवी? हे सारे मोजून काढावयाचे. मग एक खोली, पुढे एक घर, मग शाळा, बाजार, दवाखाना, वस्ती, असा प्रश्न मोठा होत जातो. शेवटच्या वर्षी विद्यार्थी स्वतःच प्रश्न निवडतो आणि वर्षभर त्यावर काम करतो. मधल्या एखाद्या वर्षी ही मुले खेड्यात येतात आणि चार-सहा दिवस राहून तेथील घरे, देवळे, विहिरी टेपने मोजून कागदावर उतरवितात. आपल्यापैकी काहींनी अशी मुले पाहिलीही असतील. गळ्यात वही, हातात टेप, आणि गुरवाला विचारतात, "काका, आढ्यापर्यंत उंची किती?" गुरवाला वाटते, पोरे वाट चुकली.

ही मोजण्याची पद्धत मुंबईच्या जे. जे. मध्ये जुनी आहे. तेथील कलाशाळेत १८९६ साली नकाशे काढणाऱ्यांचा वर्ग निघाला आणि त्यातूनच पुढे वास्तुकलेचे शिक्षण वाढले. १९५२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाला जोडले गेले आणि १९५८ मध्ये त्याचे स्वतंत्र कॉलेज झाले. १९२३ ते १९४३ या काळात क्लॉड बॅटली नावाचे इंग्रज गृहस्थ तेथे प्रमुख होते. साहेब असूनही त्यांनी मुलांना इंग्लंडच्या इमारतींची नक्कल करावयास लावले नाही. येथली देवळे, वाडे, मशिदी आणि हवेल्या मोजावयास लावल्या. अशा मोजणीच्या नकाशांचे त्यांचे मोठे पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या इमारतींचे नाव कोणत्या शिलालेखात नाही, त्यांची मापे तरी त्यामुळे उरली.

याच शाळेत १९३५ साली कोकणातला एक मुलगा दाखल झाला. अच्युत पुरुषोत्तम कानविंदे हे त्याचे नाव. जन्म १९१६ चा, गाव आचरे. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, आताच्या सिंधुदुर्गातले. वडील चित्रकार, त्यामुळे हातात पेन्सिल लहानपणापासून. आई फार लवकर गेली आणि गावच्या मोठ्या एकत्र कुटुंबात मुलगा वाढला. कौलारू घर, पुढे पडवी, पावसाची चार महिन्यांची पागोळी आणि रामेश्वराचे देऊळ हे त्याच्या डोळ्यांनी कॉलेजच्या आधीच पाहिलेले होते. बॅटलींच्या हाताखाली त्याने जुन्या वास्तूंचा अभ्यास केला. १९४३ मध्ये तो सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेत नोकरीस लागला. युद्ध संपत आले होते, देशात नव्या प्रयोगशाळा बांधावयाच्या होत्या आणि त्या कशा बांधाव्यात हे जाणणारे कोणी नव्हते. म्हणून १९४५ साली त्याला सरकारने अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाठविले.

तेथे गुरू भेटले ते वॉल्टर ग्रोपियस. १९१९ साली जर्मनीत 'बाउहाउस' ही शाळा काढणारे आणि हिटलरच्या राजवटीमुळे देश सोडावा लागलेले. त्यांचे शिकविणे बॅटलींच्या अगदी उलट. जुन्या इमारतींचे नमुने आधी गिरवू नका. ही वास्तू कोणासाठी, तेथे काय काम चालणार, सामान कोणते, प्रकाश कोठून, यांपासून आरंभ करा, असा त्यांचा आग्रह. एका गुरूने सांगितले, आधी जुने मोज. दुसऱ्याने सांगितले, आधी गरज ओळख. वीस-तीस वर्षांच्या वयात अशा दोन उलट गोष्टी ऐकून एखादा विद्यार्थी गोंधळून गेला असता. कानविंदे यांनी आयुष्यभर दोन्ही धरून ठेवल्या. पण त्याला वेळ लागला, हेही खरे. परत आल्यावर त्यांनी बांधलेल्या पहिल्या इमारती, उदाहरणार्थ अहमदाबादची कापड संशोधन संस्था, हार्वर्डच्या धड्याच्या अधिक जवळच्या आहेत. सपाट छपरे, साधे आकार, नक्षी नाही.

१९५५ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि शौकत राय या अभियंत्याबरोबर दिल्लीत स्वतःची कचेरी काढली. नकाशा काढणारा आणि सळ्यांचा हिशोब करणारा एकाच टेबलाशी बसले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९५९ नंतर कानपूरच्या आय.आय.टी. चे काम आले. तेथे उन्हाळा भयंकर. कानविंदे यांनी इमारती सुट्या ठेवून त्यांना सावलीच्या उंच मार्गांनी जोडले, की विद्यार्थ्याने एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना डोक्यावर ऊन घेऊ नये. आपल्याकडे घराला पडवी काढतात ती पावसासाठी; तेथे तीच युक्ती उन्हासाठी झाली. विटा आणि काँक्रीट जसे आहे तसे दिसू दिले, वर रंगाचा मुलामा नाही.

त्यांचे खेड्यातल्या माणसाला चटकन समजेल असे काम म्हणजे गुजरातेतील मेहसाण्याची दूधसागर डेअरी, १९७० नंतरची. दूध वरच्या पातळीवर घ्यावयाचे आणि पुढचे काम जसजसे होईल तसतसे ते खाली उतरत यावयाचे. पाण्याच्या पाटाचाच न्याय. कामगारांना वाफ आणि उष्मा यांचा त्रास होऊ नये म्हणून छपरावर हवेसाठी उंच धुराडीवजा मनोरे काढले. लांबून पाहणाऱ्यास तो एखादा किल्ला वाटतो, कोणास देवळांचा समूह वाटतो. कानविंदे यांनी किल्ला काढावयाचा म्हणून काढला नव्हता. दूध आणि वारा यांच्या वाटा नीट आखल्या आणि आकार त्यातून आला. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दिल्लीच्या टेकडीवरील इस्कॉनचे राधाकृष्ण मंदिर १९९८ साली उघडले, ते त्यांचेच काम. तेव्हा त्यांचे वय ८२. प्रयोगशाळांपासून आरंभ केलेला विद्यार्थी शिखरे असलेल्या देवळापर्यंत पोहोचला. २००२ च्या डिसेंबरात ते वारले.

इतका वेळ एका माणसाची कथा झाली. आता ती येथील मातीत आणून पाहावयास हवी. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला स्टुडिओत प्रश्न मिळाला: महाड-पोलादपूरच्या डोंगरकपारीतील एका ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार. त्याने काय करावे?

बॅटलींचा विद्यार्थी असेल तर तो आधी मोजेल. काळ्या दगडाचे जोते, गाभाऱ्याची जाड भिंत, तिचे मुद्दाम ठेंगणे दार, सभामंडपाचे लाकडी खांब, त्यांवरची तुळई, वासे, रिपा आणि कौले. मोजता मोजता त्याला कळेल की पाखे एवढे उतरते का आहेत. या तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पाणी छपरावर क्षणभरही थांबू नये, आणि पागोळी भिंतीपासून दूर पडावी, म्हणून वळचण लांब काढलेली आहे. आपल्या आजोबांनी हे कोणत्याही कॉलेजात न जाता केले.

ग्रोपियसचा विद्यार्थी असेल तर तो विचारेल, या मंडपात वर्षभर काय चालते? उत्तर मोठे आहे. रोजची पूजा तर आहेच. हरिनाम सप्ताहात रात्रंदिवस वीणा उभी असते, कीर्तनाला पंचक्रोशी लोटते. गावकीची बैठक येथेच. लग्नाची पंगत कधी येथे बसते. पुष्कळ गावांत पहिली शाळा देवळातच भरली. शिमग्याला पालखी येथूनच निघते आणि सहाणेवर जाऊन बसते. पालखीचा दांडा लांब. खांद्यावर घेऊन नाचवीत बाहेर काढताना ती वळावी लागते. आता विद्यार्थ्याने कागदावर चौकोन आखून सरळ ओळीत काँक्रीटचे खांब ठेवले, तर नकाशा सुंदर दिसेल, पण पालखी वळणार नाही. मग मानकऱ्यांना ती तिरपी करावी लागेल आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्या खांबाला शिव्या देईल. पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत काडीची पालखी करून वळवून पाहिली तर ही चूक पाच मिनिटांत सापडते. स्टुडिओचा उपयोग तो हाच.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. शहरातून आलेली काही शिकलेली मंडळी गावकऱ्यांना दोष देतात की तुम्ही सुंदर लाकडी देवळे पाडून स्लॅब का टाकता? हा दोष अन्यायाचा आहे. कौलारू छपराची दरवर्षी पावसाआधी शाकारणी करावी लागते. ती करणारे हात मुंबई, सुरत आणि पुण्याला गेले. गावात म्हातारी माणसे उरली; त्यांना छपरावर कोण चढू देईल? लाकडाला वाळवी लागते, चांगला साग परवडत नाही, आणि जुने जोड करणारा सुतार तालुक्यात शोधावा लागतो. मुंबईकर मंडळाने घाम गाळून पैसा जमविला तर त्याला एकदा बांधले की पन्नास वर्षे पाहावयास नको, असे काम हवे असते. ही इच्छा योग्यच आहे.

पण सपाट स्लॅबने ती पुरी होते काय, हे पाहावे. एवढ्या पावसात सपाट स्लॅब काही वर्षांत झिरपू लागतो. मग त्यावर लोखंडी सांगाडा उभा करून पत्रे घालतात. म्हणजे छप्पर एकदा सपाट बांधावयाचे आणि मग त्यावर पुन्हा उतरते बांधावयाचे! घाटाखालच्या वाटेने जाताना असे दुहेरी टोपी घातलेले कितीतरी माथे दिसतात. शिवाय फरशी, गुळगुळीत भिंती आणि स्लॅब यांमध्ये आवाज आपटत राहतो. मृदंगाची थाप संपण्याआधी तिचाच प्रतिध्वनी येतो आणि बुवांचे शब्द मागच्या माणसाला लागत नाहीत. मग कर्णा लावावा लागतो आणि घोटाळा आणखी वाढतो. लाकूड, कौलांच्या फटी आणि उघड्या बाजू आवाजाला वाट देत असत. विद्यार्थ्याने येथे हट्टाने जुने तसेच ठेवा असे म्हणू नये आणि मुकाट्याने स्लॅबही काढू नये. खांब काँक्रीटचे असोत, पण छप्पर उतरते असावे. बाजू उघड्या असाव्यात. गाभाऱ्याचा जुना दगड शक्य तेथे तसाच राहावा. लोखंडी कैच्यांवर कौले बसवावीत म्हणजे शाकारणीचे काम कमी होते. यांतले काय करावे हे गावाने ठरवावयाचे. त्याआधी तीन-चार पर्याय कागदावर मांडून दाखविणे एवढे त्याचे काम.

याहून कठीण प्रश्न जमिनीचा आहे, आणि या तालुक्यांत तो टाळून पुढे जाता येत नाही. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर माणसांनी भरलेल्या एस.टी. गाड्या गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे दगावली. ती इमारत काही शंभर वर्षांची जुनी नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खाली आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही घरे गाडली गेली, महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती. या सभेतही त्या घरांचे सोयरे बसलेले असतील.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून शिकवितात की इमारतीआधी जागा पाहा. उतार किती, पाणी कोठून येते, वरची माती कशावर बसली आहे, झाडे किती होती आणि किती उरली. दरडीचे अंतिम निदान भूगर्भशास्त्रज्ञाने करावयाचे; पण डोंगर कापून सपाट चौथरा काढू नये, वरून येणारे पाणी वाडीच्या वर चर खणून बाजूला काढावे, जमिनीला नवी भेग दिसली तर ती घरातली गोष्ट समजू नये, इतके तो नक्की सांगू शकतो. देवळापुरते बोलावयाचे तर मंडप मोठा करण्यासाठी मागचा डोंगर कापण्याचा मोह अनेक ठिकाणी होतो. तेथे मंडप लहान राहिला तरी चालेल.

उठवून दुसरीकडे वसविलेल्या वाडीचा प्रश्नही स्टुडिओत घेण्यासारखा आहे. बाळकृष्ण दोशी यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. ते १९२७ साली पुण्यात जन्मले, घरचा धंदा लाकडी सामानाचा, १९४७ मध्ये जे. जे. त दाखल झाले. पदवी पुरी न करताच परदेशी गेले, पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे राबले, आणि २०१८ मध्ये वास्तुकलेतला जगातला सर्वांत मोठा मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळविणारे पहिले भारतीय ठरले. २०२३ मध्ये ते निवर्तले. इंदूरजवळ अरण्य नावाची त्यांची वसाहत आहे. तेथे गरिबाला तयार डबा दिला नाही. जोते, संडास आणि पाण्याची सोय दिली व पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे अशी आखणी केली. आपल्या माणसाला घर मिळाले की पहिल्या वर्षी तो पुढे ओटी काढतो, दुसऱ्या वर्षी मागे गोठा. एकसारख्या खोल्यांची रांग काढणाऱ्याने ओटी आणि गोठा यांना जागा ठेवली नाही, तर घर मिळूनही गाव मिळत नाही.

शिक्षणाशिवाय हे कोणाला साधले नाही असे मुळीच नाही. याच महाड तालुक्यात रायगड आहे. गडाच्या बांधणीशी हिरोजी इंदुलकर यांचे नाव जोडलेले आहे. जगदीश्वराच्या देवळातील शके १५९६ च्या लेखात विहिरी, तळी, बागा, रस्ते यांची मोजदाद आहे, नुसत्या राजवाड्यांची नाही. आणि हिरोजींचे नाव तर पायरीवर कोरले आहे, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडेल अशा जागी. महाडजवळ गांधारपाल्याची लेणी त्याहूनही पुष्कळ आधीची. आपल्या मुलांना वास्तुकलेचा पहिला धडा घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. टेप घेऊन एस.टी. ने अर्ध्या दिवसात जाऊन येता येते.

शेवटी एक कामाची सूचना. जीर्णोद्धारात काढलेले जुने खांब, तुळया आणि नक्षीच्या फळ्या बहुतेक गावांत देवळामागे ताडपत्रीखाली पडून असतात. दोन पावसाळ्यांत वाळवी त्यांची माती करते. त्याआधी प्रत्येक खांबाची उंची, जाडी, जोडाची खाच आणि नक्षी मोजून कागदावर घ्यावी. कोणता खांब कोठे उभा होता हे ज्यांना आठवते अशी म्हातारी माणसे अजून गावात आहेत, त्यांना शेजारी बसवावे. मोठ्या कागदाच्या दोन प्रती काढाव्यात, एक देवस्थानच्या दप्तरात आणि एक शाळेत ठेवावी. कॉलेजांना सुट्टी मे महिन्यात असते आणि चाकरमानीही तेव्हाच गावी येतात. चार मुले, एक टेप आणि गुरवकाका असले की चार दिवसांचे काम आहे. रोहिण्या लागण्यापूर्वी उरकावे.